कास्पारोव्ह विरुद्ध जग, १९९९: पन्नास हजार डोकी असून डाव गेला कुठे?

ऑनलाइन बुद्धिबळात हरलेले डाव रोज लाखानं पडतात, त्यांची आठवण दुसऱ्या दिवशीही राहत नाही. हा एक डाव मात्र पंचवीस वर्षांनंतरही लोक उघडून बघतात, आणि गंमत म्हणजे त्यात हरणारा कुणी एक माणूस नाहीये, पन्नास हजारांहून जास्त माणसं एकत्र हरलीयेत. मतदान करणाऱ्यांची आणि फोरमवर भांडणाऱ्यांची नावं मी घेत नाही, त्यांची गरजही नाही. ज्यांचं नाव तेव्हाच जाहीर होतं तेवढ्यांचीच घेतो.

खेळ्या वाचताना एवढंच लक्षात ठेवा की पटाचे उभे रकाने ए पासून एच पर्यंत, आडव्या ओळी एक ते आठ, आणि जग काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतं.

पार्श्वभूमी

१९९७ च्या मे महिन्यात गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरकडून मॅच हरला आणि ती बातमी बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्या घरांतही पोचली. त्यामुळे दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं आपल्या एमएसएन गेमिंग झोनवर 'कास्पारोव्ह विरुद्ध जग' असा डाव ठेवला तेव्हा त्याचं मार्केटिंग आपोआपच झालं. आधी १९९६ मध्ये नावाजलेला ग्रँडमास्टर कार्पोव्ह असाच जगाशी खेळून सहज जिंकला होता, म्हणून यावेळीही पंचवीस-तीस खेळ्यांत काम आटोपेल असं बहुतेकांना वाटत होतं.

डाव सुरू झाला २१ जून १९९९ ला. प्रत्येक बाजूला एका खेळीसाठी चोवीस तास. कास्पारोव्ह खेळला की चार तरुण विश्लेषक आपापली शिफारस लिहून द्यायचे, त्या साइटवर लागायच्या, मग ज्याला वाटेल त्यानं मत द्यायचं आणि ज्या खेळीला सगळ्यात जास्त मतं ती जगाची खेळी. चौघं म्हणजे फ्रान्सचा एतियेन बाक्रो (वय १६, पण आधीच ग्रँडमास्टर), अमेरिकेची इरिना क्रश (१५), अमेरिकेचाच फ्लोरिन फेलेकन (१९) आणि जर्मनीची एलिझाबेथ पेट्झ (१४). म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूसमोर अधिकृत सल्लागार कोण, तर दहावी-बारावीच्या वयाची पोरं. आयोजकांना बहुधा तरुण चेहरे हवे होते. पुढे जे झालं ते बघता ही निवड अजिबात वाईट नव्हती.

पंच्याहत्तरहून जास्त देशांतून लोक आले. त्यात ग्रँडमास्टर होते, संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि 'घोडा अडीच घरं चालतो' एवढंच माहीत असलेलेही होते. मत सगळ्यांचं सारखंच.

अडचण

अडचण वरवर सोपी दिसते, कास्पारोव्हला हरवायचं किंवा निदान बरोबरीत रोखायचं. पण ती खरी अडचण नव्हती असं माझं मत आहे. पटावर काय करायचं हे शोधणारे लोक जगाकडे भरपूर होते. खरी अडचण ही की शोधलेली गोष्ट चोवीस तासांच्या आत अशा हजारो लोकांपर्यंत पोचवायची ज्यांनी विश्लेषणाचं एक पानही वाचलेलं नाही, जे ऑफिसातून लॉगिन करून पट बघतात, दोन मिनिटं विचार करतात आणि बटण दाबून जातात.

वर चर्चेचा फोरम सगळ्यांना उघडा. म्हणजे जगाचा सगळा बेत, कुठल्या लाइनची (पुढच्या संभाव्य खेळ्यांच्या क्रमाची) भीती वाटतेय, कुठे उत्तर सापडलेलं नाही, सगळं कास्पारोव्हला चहा पिता पिता वाचता येण्यासारखं. जगाचे पत्ते उघडे आणि कास्पारोव्हचे झाकलेले, अशा स्थितीत चार महिने काढायचे होते.

पहिला निर्णय: दहावी खेळी

सुरुवात सिसिलियन या नेहमीच्या बचावानं झाली, तिसऱ्या खेळीला उंटाचा शह, उंटांची मारामारी, सगळं नेहमीचंच. दहाव्या खेळीला कास्पारोव्हनं मधला घोडा ई२ वर मागे घेतला. इथे जगासमोर दोन रस्ते होते. एक म्हणजे किल्लेकोट करून (राजा हत्तीच्या आडोशाला नेऊन) शांतपणे डाव पुढे न्यायचा, जे शंभरातले नव्वद लोक करतील, आणि मग पांढऱ्याची थोडी जास्त मोकळी बाजू सहन करत बसायचं. दुसरा रस्ता क्रशनं काढला: वजीर ई६ वर. त्या एका घरातून वजीर ई४ आणि सी४ अशा दोन्ही प्याद्यांवर डोळा ठेवतो. दोन्ही एकदम वाचवणं पांढऱ्याला जमत नाही.

फुकट मात्र काही नव्हतं. पांढरा घोडा डी५ वर येणार, तिथून सी७ वर उडी मारून राजाला शह देणार आणि कोपऱ्यातला हत्ती खाणार, हे सगळं दिसत होतं. नवख्या माणसाला 'हत्ती जातोय' एवढं दिसलं तरी तो मागे सरतो. त्यामुळे क्रशला नुसती खेळी सुचवून भागणार नव्हतं, हत्ती गेल्यावर तो हत्ती खाणारा घोडाच कोपऱ्यात अडकतो आणि तोही मिळतो, वर दोन प्यादी, हे लोकांच्या गळी उतरवावं लागलं. ते तिनं केलं. मतदानात वजीर ई६ निवडून आला, पुढच्या चार खेळ्या ठरल्यासारख्या पडल्या, आणि धूळ बसली तेव्हा पांढऱ्याकडे हत्ती जास्त होता तर काळ्याकडे त्याच्या बदल्यात घोडा आणि दोन प्यादी. कास्पारोव्हसमोर असा पट होता की ज्याचं पुस्तकात काहीच नव्हतं.

इथून डावाचा नूर बदलला. आणि जगाच्या कारभाराचाही. तिथून पुढे पन्नासाव्या खेळीपर्यंत जगानं जवळपास प्रत्येक वेळी क्रशचीच शिफारस उचलली. ती फोरमवर बसायची, लोकांच्या लाइन्स वाचायची, चुका दाखवल्या तर मान्य करायची, आणि शिफारस लिहिताना ती का हे कारणांसकट लिहायची. सेंट पीटर्सबर्गच्या ग्रँडमास्टर बुद्धिबळ शाळेची मंडळी (त्यांचा म्होरक्या खलिफमन, जो त्याच ऑगस्टमध्ये लास वेगासला फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा जगज्जेता झाला) विश्लेषण टाकत होती, कॉम्प्युटरवाले रात्रभर मशीन चालवून लाइन्स तपासत होते, आणि हे सगळं पाणी शेवटी एका पोरीच्या शिफारशीत येऊन मिळत होतं. मतदाराला एवढंच कळलं तरी चालायचं की हिचं ऐकलं की डाव टिकतो.

मधला टप्पा

सोळा ते पन्नास यावर वेगळा लेख होईल, मी भरभर जातो. दोन्हीकडे हल्ले-प्रतिहल्ले झाले, एकतिसाव्या खेळीला वजीर मारामारीत गेले आणि शर्यत लागली: पांढऱ्याची जी आणि एच रकान्यातली प्यादी एकीकडे धावतायत, काळ्याची बी आणि डी रकान्यातली दुसरीकडे. या शर्यतीतला हिशेब इतका बारीक आहे की आजही इंजिन (खेळ्या तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) बंद करून बघायला बसलात तर डोकं गरगरतं. काळ्यानं सत्तेचाळिसाव्या खेळीला एक प्यादं वजीर केलं ते हत्तीला खायला घालण्यासाठी, मग पन्नासाव्याला पांढऱ्याचं एच प्यादं वजीर झालं आणि लगेच काळ्याचं डी प्यादंही वजीर झालं. पटावर उरलं काय: पांढऱ्याचा राजा जी६, वजीर एच८, प्यादं जी५. काळ्याचा राजा बी१, वजीर डी१, प्यादी बी७ आणि डी६. सात मोहरी. काळ्याकडे एक प्यादं जास्त, पण पांढऱ्याचं प्यादं पुढे आलेलं आणि राजा त्याच्या शेजारी.

आजच्या पोरांना वाटेल सात मोहऱ्यांचं तर टेबलबेस आहे, म्हणजे प्रत्येक स्थितीचं पक्कं उत्तर आधीच मोजून ठेवलेला साठा, बघून टाकायचं. १९९९ मध्ये पाच मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस हाताशी होते. सात मोहऱ्यांचा संच मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह कॉम्प्युटरवर तयार झाला २०१२ साली. म्हणजे अख्ख्या जगाकडे, कास्पारोव्हसकट, त्या स्थितीचं पक्कं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

दुसरा निर्णय: एक्कावन्नावी खेळी

कास्पारोव्हनं वजीर एच७ वर आणला. हे नीट बघा, कारण सगळं इथे आहे. एच७ पासून बी१ पर्यंत एक तिरकी रेघ जाते. त्या रेघेच्या एका टोकाला पांढरा वजीर, दुसऱ्या टोकाला काळा राजा, आणि मधे जी६ वर पांढऱ्याचा स्वतःचाच राजा उभा. तो राजा बाजूला सरकला की मागून वजिराचा शह उघडा पडणार, आणि सरकताना तो आपल्याला हव्या त्या घरात जाऊन उभा राहणार, काळ्याला मात्र शहाचं उत्तर देण्याशिवाय गत्यंतर नाही.

पर्याय मुख्यत्वे दोन चर्चेत होते. राजा ए१ वर नेऊन त्या रेघेतून बाहेर पडायचं, किंवा बी प्यादं दोन घरं पुढे बी५ वर ढकलायचं.

क्रशची शिफारस होती राजा ए१. अशा वजिरांच्या शेवटात बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यापासून लांबच्या कोपऱ्यात असावा हे जुनं ज्ञान आहे, कारण तिथे तो समोरच्याच्या शहांच्या वाटेत कमी येतो आणि आपल्या वजिराला शह देत राहायला मोकळीक मिळते. पण पट उघडून दोन मिनिटं बघणाऱ्या माणसाला ए१ म्हणजे काय दिसतं? राजा कोपऱ्यात जाऊन बसला, काहीच केलं नाही. आणि बी५ म्हणजे? आपलं प्यादं पळतंय, अजून एक वजीर होणार, जोर आहे. मला विचाराल तर बी५ निवडून आलं याचं अर्धं कारण हेच, ते काहीतरी केल्यासारखं दिसतं.

मतदान काठावर झालं आणि बी५ जिंकलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा क्रशची शिफारस पडली. मतदानात घोळ घातल्याचे आरोप लगेच सुरू झाले, फोरमवर एकानं तर आपण खोटी मतं टाकल्याचं छातीठोकपणे सांगितलं. त्याचं कितपत खरं धरायचं तुम्हीच ठरवा, इंटरनेटवर स्वतःच्या उचापतींची बढाई मारणारे तेव्हाही काही कमी नव्हते. पण ऑनलाइन मतदानावरचा विश्वास गेला तो गेलाच.

पुढच्या खेळ्या बघा. पांढरा राजा एफ६ वर, उघडा शह. काळा राजा बी२. वजीर एच२, पुन्हा शह. काळा राजा ए१. म्हणजे ज्या घरात आधी आपणहून जायला मतं मिळाली नाहीत त्याच घरात राजा दोन खेळ्यांनी गेलाच, पण शह खात खात, आणि तेवढ्यात पांढऱ्यानं आपला राजा आणि वजीर दोन्ही फुकटात हव्या त्या जागी लावून घेतले. मग वजीर एफ४ वर आला. आणि ते पळणारं बी प्यादं? चोपन्नाव्या खेळीला बी४ वर ढकललं आणि कास्पारोव्हनं वजिरानं उचललं. वजीर होणं राहिलं बाजूला.

बी५ नं डाव तिथेच बुडाला असं मी म्हणत नाही, बी५ नंतरही जग लढत होतं. पण एवढं नक्की की सोपा बचाव अवघड झाला, आणि अवघड बचाव मतदानानं करायचा म्हणजे काय हे पुढच्या काही खेळ्यांत दिसलं.

तिसरा निर्णय: अठ्ठावन्नावी खेळी

आता स्थिती अशी: पांढरा राजा जी७, वजीर डी४, आणि प्यादं नुकतंच जी६ वर आलंय. काळा राजा बी१, वजीर एफ३, प्यादं डी५. प्यादं दोन पावलांवर वजीर होणार. इथे क्रशची शिफारस होती वजीर एफ५, खूप मोठ्या विश्लेषणानंतर काढलेली. ती शिफारस मतदान सुरू झालं तेव्हा साइटवर नव्हती. ईमेल वेळेत पोचला नाही.

बस्स, एवढंच. कुणाचं कारस्थान होतं का, आयोजकांनी थोडं थांबायला हवं होतं का, यावर तेव्हा रणकंदन झालं, त्यात मी पडत नाही. मतदाराच्या बाजूनं विचार करा. चार महिने तो ज्या नावाखालचा परिच्छेद वाचून बटण दाबत होता ते नावच आज तिथे नाही. उरलेल्यांतून निवडायचं. आणि वजीर ई४ ही खेळी दिसायला देखणी आहे: पांढऱ्या वजिराला थेट आव्हान, डी५ चं प्यादं मागून आधार देतंय, पांढऱ्यानं वजीर मारला तर प्यादं मारून ई४ वर येतं आणि काळा सुटतो. समोरचा मारेल असं धरून चाललं तर खेळी उत्तम आहे.

समोरचा कास्पारोव्ह होता. त्यानं वजीर जी१ वर नेऊन शह दिला. मारामारी टळली, वजीर शह देत देत नीट जागी आला आणि जी प्याद्याचा रस्ता मोकळा झाला.

त्यानंतर जे झालं

एकोणसाठाव्या खेळीला चिडलेल्या लोकांनी निषेध म्हणून वजीर ई१ ला मतं दिली. ही खेळी म्हणजे शहामधे वजीर घालून तो फुकट देऊन टाकणं. ती सगळ्यात जास्त मतांनी आली, मायक्रोसॉफ्टनं मतं खोटी आहेत म्हणून ती बाद केली आणि राजा बी२ ही खेळी लावली. आता यात न्याय शोधायचा तर अवघड आहे. आधीच्या वादग्रस्त मतदानाला हात लावला नाही आणि इथे मात्र लावला, असं लोकांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. क्रशनं काम सोडलं.

पुढे काही उरलं नव्हतं. बासष्टाव्या खेळीला प्यादं जी७ वर आलं. २२ ऑक्टोबर १९९९ ला जगानं हार मानली, तीसुद्धा मतदान घेऊन, निम्म्याहून जरा जास्त मतांनी. म्हणजे जवळजवळ अर्ध्या लोकांना अजून खेळायचं होतं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मजेशीर वाटतं.

कास्पारोव्हनं नंतर डॅनियल किंगबरोबर या एका डावावर पुस्तक लिहिलं आणि आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही डावावर इतका वेळ घातला नाही असं सांगितलं. जिंकणाऱ्याचं सौजन्य म्हणून थोडं वजा करा हवं तर, पण खेळ्या बघितल्या की ते पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

नुसतं 'खोटी मतं रोखायची' म्हणणं सोपं आहे, तो झाला तांत्रिक भाग. माझ्या मते तीन जागा त्याहून महत्त्वाच्या होत्या.

सगळा भार क्रशवर होता आणि तिला पर्याय कुणी तयार केला नाही. तिचं काम इतकं चांगलं होत होतं की कुणाला गरज वाटली नाही. बाकी तिघं आपापलं लिहीत होते, पण फोरमवरचं गोळा करून मांडायचं काम तिच्याकडेच. दुसऱ्या एखाद्या विश्लेषकानं तिच्याशी रोज जुळवून घेतलं असतं आणि तिची अठ्ठावन्नावी शिफारस स्वतःच्या नावाखालीही टाकली असती, तर ईमेल उशिरा पोचला काय आणि न पोचला काय. साइटवर 'शिफारस यायची आहे, मत द्यायला थांबा' अशी एक ओळ लावली असती तरी फरक पडला असता, पण तेवढंही कुणाला सुचलं नाही किंवा सुचवू दिलं नाही.

दुसरं, शिफारस लिहायची पद्धत. दहाव्या खेळीला वाद होता 'हत्ती जातोय' या भीतीशी, आणि तिथे हत्तीच्या बदल्यात काय मिळतं हे मोजून सांगता आलं. एक्कावन्नाव्याला वाद होता एका दिसायला मख्ख खेळीचा एका दिसायला धडाकेबाज खेळीशी, आणि तिथे पंधरा-पंधरा खेळ्यांच्या लाइन्स देऊन उपयोग नव्हता. 'बी५ खेळलात तर तीन खेळ्यांत राजा ए१ वरच जाईल, मग आत्ताच का नको' असं एका वाक्यात पट दाखवून सांगितलं असतं तर कदाचित काठावरचं मतदान पलटलं असतं. कदाचित. मागाहून सगळ्यांनाच वाक्यं सुचतात.

तिसरं वेळेचं. सुरुवातीच्या पाठ खेळ्यांनाही चोवीस तास आणि सात मोहऱ्यांच्या त्या भयंकर शेवटालाही चोवीस तासच. माणूस एकटा खेळत असता तर त्यानं घड्याळ वाचवून इथे खर्च केलं असतं. जगाला ती सोय नव्हती. ठराविक खेळ्यांना दुप्पट वेळ मागायचा हक्क, असा एक नियम असता तर तो नेमका एक्कावन्न आणि अठ्ठावन्नला वापरला गेला असता असं मला वाटतं.

उघड्या फोरमचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. बंद केला असता तर अर्धे मदत करणारे आलेच नसते.

२०२५ मध्ये मॅग्नस कार्लसन चेस डॉट कॉमवर असाच जगाशी खेळला, मोहऱ्यांची सुरुवातीची जागा बदललेली, एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक समोर. तिथे जगाला सारखे शह देत बरोबरी घ्यायची संधी दिसली आणि जगानं ती घेतली. काही लोक कुरकुरले की अजून खेळायला हवं होतं, घाबरून बरोबरी केली. १९९९ च्या फोरमवर बसलेल्या कुणाला विचारलं असतं, तर मला नाही वाटत तो कुरकुरला असता.